दुसऱ्यांच्या वाटच्या थोबाडीत

आमच्या वस्तीची वेगळी शाळा बंद झाली आणि यापुढं सगळ्या जातींची पोरं एकाच शाळेत बसतील असा दरबारचा हुकूम निघाला, तेव्हा मी आणि माझा थोरला भाऊ पेठेतल्या मोठ्या शाळेत गेलो. आम्ही महारवाड्यातले. बाप सरकारी पागेत घोड्यांची लीद काढायचा. हुकूम ऐकून त्याला इतका आनंद झाला, की शाळेच्या पहिल्या दिवशी त्यानं आम्हा दोघांना पंचगंगेवर नेऊन कातडं लाल होईस्तोवर घासलं. मास्तरांना खुपत होतं ते पाण्यानं निघण्यातलं नव्हतं, हे त्या भोळ्या माणसाला कोण सांगणार?

मास्तर हुकमाचे पक्के. एका खोलीत बसवा म्हटलं होतं, त्यांनी बसवलं. दाराशी, वहाणांच्या शेजारी, आम्ही घरून आणलेल्या पोत्यावर. वर्गात मराठ्यांची, ब्राह्मणांची, वाण्यांची पोरं होती, एका अत्तरवाल्या मुसलमानाचा पोरगा होता. त्यांची एक रांग आणि आमची दोघांची दुसरी. कुणी पाहुणा आला की मास्तर छाती काढून सांगायचे, "आमच्याकडं सगळ्या जातींची पोरं एकत्र शिकत्यात." खोटं होतं असं म्हणता येणार नाही.

त्या काळी वर्गात नंबर लावायची रीत होती. मास्तर पहिल्या पोराला प्रश्न घालत. त्याला आलं नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ज्याला उत्तर येईल त्यानं न आलेल्या सगळ्यांच्या एकेक थोबाडीत द्यायची आणि त्यांच्या वर जाऊन बसायचं. निम्मी पोरं त्या थोबाडीत देण्याच्या हौसेपायीच अभ्यास करत.

आमच्यामुळं या रीतीची पंचाईत झाली ती पहिल्याच आठवड्यात. मास्तरांनी औटकी विचारली. औटकी म्हणजे साडेतीनपटीचा पाढा, भल्याभल्यांची बोबडी वळवणारा. "सत्तावीस औट किती?" कुणालाच येईना. सगळी रांग संपली, प्रश्न दाराशी आला आणि थोरल्यानं खाडकन सांगितलं, "साडेचौऱ्याण्णव."

आता रीतीप्रमाणं महाराच्या पोरानं अख्ख्या वर्गाच्या थोबाडीत द्यायच्या! एका पोराला तर तिथंच रडू फुटलं. मास्तरांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"रीत मोडायची न्हाय," ते थोरल्याला म्हणाले, "आन ह्यांस्नी शिवायचंबी न्हाय. तवा ह्यांच्या वाटच्या सगळ्या थोबाडीत तू आपल्या भावाला दे."

मला कुणी प्रश्न विचारलाच नव्हता. उत्तर मलाही येत होतं. थोरल्यानं माझ्या गालावरून नुसताच हात फिरवला, तर मास्तर ओरडले, "हळू मारलेली धरणार न्हाय! पयल्यापासनं!" वर जाऊन बसायचं तर कुणी नावच काढलं नाही.

पुढं तो रोजचा तमाशा झाला. पोरांना त्याची अशी गोडी लागली, की उत्तर येत असलेलीही गप्प बसू लागली. त्यांनी चुकायचं, थोरल्यानं बरोबर सांगायचं आणि मी मार खायचा. माझ्यापर्यंत प्रश्न कधी आलाच नाही. थोरला एकदा मुद्दाम मुका राहिला, तेव्हा मास्तरांनी लांबूनच रूळ फेकून त्याचं कपाळ फोडलं.

त्या दिवशी घरी येताना तो म्हणाला, "मी न्हाय आता सांगत. मला न्हाय मारवत तुला."

"सांगायचं की!" मी त्याच्यावरच भडकलो. "परीक्षा घ्यायला डिप्टीसायेब येणार हायती. तवर दम धर. त्ये एकेकाला येगळा प्रश्न घालत्यात. मलाबी घालतील की!"

त्या एका प्रश्नावर माझं सगळं होतं. दोघांतला जो पास होईल त्याला पुढं शिकायला बोर्डिंगात ठेवून घेऊ, असं तिथल्या चालकांनी बापाला सांगितलं होतं. नापास होईल त्यानं पागेत यायचं, हे बापानं सांगितलं होतं.

डिप्टीसाहेब आले. भिंतींना चुना झाला होता, दारात रांगोळी होती आणि आमचं पोतंही झटकून घेतलं होतं. मास्तरांनी आपली युक्ती मोठ्या कौतुकानं करून दाखवली. डिप्टी पोट धरून हसले. "झकास!" म्हणाले. "आणखी एक होऊ द्या." त्यांनी औटकी विचारली, त्रैराशिक विचारलं. रांग चुकत गेली, थोरला बरोबर सांगत गेला, आणि मारताना तो रडत होता. थांबला की मास्तर रूळ उचलायचे. त्याचा उजवा हात, माझा डावा कान. मला वाटत होतं, कधी एकदा हे संपतंय आणि माझी पाळी येतेय.

पाळी आली. मी उभा राहिलो. डिप्टींच्या मिशा हलताना दिसल्या. कानात नुसती शिट्टी वाजत होती. मिशा पुन्हा हलल्या. "जी?" मी म्हणालो. पोरांचे दात दिसले. मास्तर डिप्टींच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले, डिप्टींनी मान हलवली आणि हातानंच मला खाली बसवलं.

मी नापास झालो. दोघांत एक पास. ह्या लोकांचा निकाल शेकडा पन्नास, असं डिप्टी मास्तरांना म्हणाले म्हणे. तेही मला ऐकू आलं नव्हतं.

घरी जाताना थोरला वाटेत थांबला आणि काहीतरी बोलला. मी नुसता बघत राहिलो. मग त्यानं माझा खांदा धरून उजव्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडला, "पंचगंगा कुठल्या नदीला मिळती, एवढंच इचारलं की रं! कुरुंदवाडला जाताना बानं दावलं न्हवतं व्हय? का बोलला न्हाईस?"

"कृष्णेला," मी म्हणालो.

तो भर रस्त्यात मटकन खाली बसला.