आधी बुजवलेलं दार

तुमच्या सदरात लोक भुताखेताचे अनुभव लिहितात. ते मी वाचते आणि निम्म्यांवर हसते, खोटं कशाला बोलू? माहेरी चांद्याला माझे वडील अंगारे-धुपारे करणाऱ्यांना उंबऱ्यावरूनच हाकलायचे, आणि मी त्यांचीच लेक. बाहेरचं-बिहेरचं काही नसतं, माणसाचं पोट बिघडलेलं असतं, असं मी चारचौघींत ठणकावून सांगायची. आता हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही... पोर माझी होती, तुमची नव्हती.

गोष्ट पन्नास सालानंतरची. चामोर्शीपासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं धानाचं गाव. घरात आम्ही चौघं — आमचे हे (नाव घ्यायची सवय नाही), मी, आमची चार वर्षांची कमल, आणि यांची मोठी बहीण वच्छलाबाई. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या होत्या, आणि घरात शब्द त्यांचाच चालायचा. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलूंचं छप्पर. पुढचं दार जंगलाकडे तोंड करून. मागे सैपाकघरातून परसात उघडणारं एक लहान दार. बस.

त्या वर्षी धान चांगलं झालं, म्हणून घर नीट करायचं ठरलं. आता आधी काय करायचं? तीन तिघाडा काम बिघाडा! यांचं म्हणणं, आधी कवेलू फेरू. माझं म्हणणं, आधी सैपाकघर, कारण धुरानं माझे डोळे जायची वेळ आली होती. वच्छलाबाईंचं म्हणणं, आधी रस्त्याच्या बाजूनं नवं दार. जुन्या चौकटीला उधई लागलेली, बोटानं दाबली तरी भुसा पडायचा. नवी सागाची चौकट आलापल्लीहून यायची होती.

"पहिले नवं दार फोडा, मंग जुनं बुजवा," त्या म्हणाल्या. "घर पुढच्या दाराबिना एक रोज नाई ठेवत आपल्यात."

"काऊन जी बाई? मागचं दार हाये ना?"

"मागच्या दारानं शेण-राख जाते. सारंच काई मागच्या दारानं जात नाई."

"म्हणजे काय जात नाई?"

"तू लय शिकलेली ना? मंग काऊन विचारतं?"

मी तोंड फिरवून हसले. ते त्यांना दिसलं, आणि दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

शेवटी आमचं भांडण मिटवलं ते बिबट्यानं. दिवस मावळता मावळता तो पुढच्या छपरीत, म्हणजे ओसरीत आला आणि बांधलेली शेळी घेऊन गेला. कमल तिथंच भातुकली मांडून बसली होती, हातभर अंतरावर! शेळीच्या झटापटीत कुजकी चौकट एका बाजूनं खालीच आली. मी पोरीला उचलून आत पळाले.

आता काय करता? आलापल्लीच्या चौकटीचा पत्ता नाही. दुसरी भिंत फोडायची म्हणजे घराला आणखी एक भोक. हे म्हणाले, "पोट्टी राह्यली पायजे. दाराचं मागून पाहू." वच्छलाबाईही हादरल्या होत्या, त्यांनी हट्ट सोडला. सकाळी गवंडी आला, कच्च्या विटा आणि माती लावून पुढचं दार बुजवलं. आतून मी आणि वच्छलाबाईंनी हातानं लिंपून घेतलं. ती चूक झाली असं मी आजही म्हणणार नाही. जनावर छपरीत आल्यावर रीतभात कोण पाहत बसतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुढच्या खोलीत गेले तर ओल्या लिंपणावर बोटांचे ओरखडे. वरून खाली, कोणी नखांनी खरवडावं तसे. मांजर असेल म्हणून मी परत लिंपलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओरखडे, आणि ते माझ्या डोक्याच्याही वर! एवढं उंच मांजर मी तरी पाहिलेलं नाही. वच्छलाबाईंना दाखवलं तर त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला.

मग आवाज सुरू झाला. भर दुपारी, मी सैपाकघरात तांदूळ पाखडत असताना... धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. खांद्यानं दार ढकलावं तसा. आणि आवाज आतून होता. मी सूप टाकून धावले तर खोलीत एकटी कमल, त्या भिंतीसमोर मांडी घालून बसलेली.

"काय करून राह्यली गं?"

"तिले जायाचं हाये," ती म्हणाली. "तिले दार नाई भेटत."

"कोनाले?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच खुळी. बोट भिंतीकडे केलं. तिथं कोणीही नव्हतं. मी तिला कडेवर घेतलं आणि सैपाकघरात आणलं.

त्या दिवसापासून पोरीनं जेवण सोडलं. मागच्या दाराकडे न्यावं तर किंचाळायची, "तिकून नाई! आमी इकून जाऊ!" आमी... हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मग ताप चढला, असा की हात लावला तर चटका बसावा. यांनी बंडी जुंपली, चामोर्शीच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून. घोंगडीत गुंडाळून पोरीला उचललं आणि मागच्या दारातून पाय बाहेर टाकला — तर पोर लाकडासारखी ताठ! ओठ निळे, श्वास बंद. हे ओरडले, मी ओढून तिला आत घेतलं. आत आल्याबरोबर श्वास सुरू.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. या वेळी श्वास परत यायला इतका वेळ लागला की मी छाती बडवून घेतली. लेक माझ्या मांडीवर जळत होती आणि तिला घराबाहेर काढता येत नव्हतं! तिसऱ्यांदा न्यायची हिंमत आम्हाला दोघांनाही झाली नाही.

"भाऊ," वच्छलाबाई यांना म्हणाल्या, "भित फोड. पोट्टी जाईन नाई तं."

"न् बिबट्या आला तं?"

"येऊ दे! मी हाये ना कुऱ्हाड घेऊन!"

हे सब्बल (लोखंडी पहार) घेऊन आले. उन्हं डोक्यावर होती. दोन-चार घाव, विटा कोसळल्या, खोलीत उजेड आला... आणि जी पोर मान धरू शकत नव्हती, ती माझ्या मांडीवरून उठली. चालायला लागली. उजवा हात वर उचललेला, मोठ्या माणसानं बोट धरल्यावर लेकराचा असतो तसा. विटांवरून उतरली, छपरी ओलांडली, सरळ जंगलाची वाट.

"कमल!" मी धावले, तिचा डावा हात धरला आणि मागे ओढलं.

पोर हलली नाही. समोरूनही कोणीतरी ओढत होतं. चार वर्षांच्या तापल्या लेकराची ती ताकद नव्हती हो... माझी टाच मातीत घसरत चालली होती. कमल दोघांच्या मधे ताणली गेली होती, आणि ती रडतसुद्धा नव्हती.

मग माझं डोकं फिरलं. येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी त्या रिकाम्या हवेला दिल्या. "वाट दिली ना तुले? मंग जा! माझ्या पोरीले सोड, रांडे, सोड!"

आणि सुटलं. एकदम. आम्ही दोघी मायलेकी पाठीवर पडलो. कमल भोकाड पसरून रडली, आणि ते रडणं ऐकून मीही रडले. मग म्हणाली, "माय, भूक लागली."

तिला चामोर्शीला नेलं. डॉक्टर म्हणाले, हिवताप. कडू गोळ्या दिल्या, ताप उतरला. असेल हिवताप, आमच्या भागात कोणाला होत नव्हता! तिच्या मनगटावर मी खूण शोधली, कारण मला पुरावा पाहिजे होता. काही नव्हतं. चौकट येईपर्यंत वच्छलाबाई रात्री कुऱ्हाड घेऊन त्या भोकाशी बसल्या. मग चौकट आली, आधी नवं दार बसवलं, मगच जुनं बुजवलं. त्यानंतर त्या भिंतीवर साधी चीरही पडली नाही. त्या घरात आमच्या आधी कोण मेलं, कोण राहिलं, ते मी गावभर विचारलं. सांगण्यासारखं कोणाजवळ काही नव्हतं.

"वाट भेटली, गेली ती," वच्छलाबाई म्हणायच्या. त्यांच्यापुरता विषय संपला. मीही तसंच मानलं असतं. दार बुजवलं म्हणून कोणी आत अडकलं, हे एक वेळ समजतं.

पण भिंत तर फुटली होती. वाट मोकळी होती, अडवणारं कोणी नव्हतं. मग ती एकटी का गेली नाही? माझी लेक तिला कशाला पाहिजे होती? कमल आज स्वतः सासू झाली आहे, तिला यातलं काहीच आठवत नाही. मी मात्र ते अजून मनात विचारते, आणि उत्तर मिळेल या भीतीनं मोठ्यानं विचारत नाही.