पाण्यातला गणपती आणि नंदूचं इंजिन

रॉकेट उडताना बघायचं हे स्वप्न माझं, पण जायचं ठरवलं सुधाक्कांनी. त्या माझ्या मल्लेश्वरममधल्या घरमालकीण. मी पुण्याहून आलेला, त्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथेच, कानडी मुलखात मुरलेल्या मराठी घरातल्या. त्यांचा मुलगा नंदू रॉकेटच्या इंजिनांवर काम करतो. यावेळी सगळ्यात वरचं इंजिन त्याच्या गटाचं होतं आणि जमिनीवरच्या एका चाचणीत ते बंद व्हायला जरा उशीर झाला होता. तेव्हापासून नंदूची झोप उडालेली.

"चांगलं चालतंय ते बंद कशाला करायचं?" अक्कांनी विचारलं. हवा तेवढा वेग आला की त्याच क्षणी थांबायचं, नाहीतर उपग्रह भलत्याच कक्षेत जातो, असं नंदूनं फोनवर समजावलं. अक्कांनी शांतपणे ऐकलं आणि देव पाण्यात घातले. काम फत्ते होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. त्यामुळे पितळी गणपती स्टीलच्या डब्यात बसून आमच्याबरोबर श्रीहरिकोट्याला निघाला.

के. आर. पुरमचा पूल उजाडायच्या आत ओलांडा, नाहीतर रॉकेट वर पोहोचेल आणि तुम्ही सिग्नललाच असाल. मुळबागलला थांबून डोसा खा. पुढे रस्ता झकास आहे, पण प्रत्येक गतिरोधकाला मला ऐकावं लागलं, "स्वल्प हळू रे, सोंडेत पाणी जातंय." रॉकेट बघायला पैसे पडत नाहीत, ते सगळे टोलनाक्यांवरच संपतात. नोंदणी मात्र आधीच ऑनलाइन करा आणि जवळच्या सुळ्ळुरुपेट गावातला लॉजही वेळेत धरा, तिथे खोल्या पटापट संपतात.

रॉकेट केंद्राच्या फाटकावर शिपायानं डबा उघडायला लावला. अक्कांनी त्याला इंजिनाची सगळी कर्मकथा ऐकवली. त्यानं हात जोडले आणि झाकण घट्ट लावा म्हणाला.

संध्याकाळी रॉकेट उठलं. आधी उजेड आला, आवाज मागून येऊन छातीवर आदळला. थोड्या वेळानं वर गेलेला जाळ विझला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अक्कांनी गणपती काढून पदरानं पुसायला घेतला. मी घाबरून सांगितलं की ते खालचं इंजिन होतं, इंधन संपलं की ते विझतंच. नंदूचं अजून सुरूही झालेलं नाही.

गणपती डुबुक करून परत आत.

रॉकेट आता दिसत नव्हतं, नुसता लाउडस्पीकर बोलत होता. एकेक टप्पा गळून पडला. शेवटी नंदूचं इंजिन पेटलं. सगळे खूश, अक्का मात्र डब्यात बोटं बुडवून बसलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट बंद पडावी म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. मग घोषणा झाली, इंजिन ठरल्या क्षणी थांबलं, आणि पाठोपाठ उपग्रहही नीट सुटला. अक्का रडल्या. मीही रडलो, कबूल करतो.

नंदूचा फोन आला. "आई, झालं बंद."

"सरी, बरं झालं. आता जेवून झोप," अक्का म्हणाल्या.

मल्लेश्वरमला परतून आठवडा झाला. रॉकेटचा जाळ आता नीटसा आठवत नाही, पण दूध वर येताना गॅस नेमका कधी बंद करावा हे मला जमू लागलंय. काल भाडं द्यायला वर गेलो तर देव्हारा रिकामा आणि गणपती परत डब्यात.

"आता काय अक्का?"

"नंदूचं लग्न," त्या म्हणाल्या. "ते इंजिन तर अजून पेटलंच नाही रे."