एक किलो, बरोबर

मापाडी आप्पांनी धान्याच्या बाजारात चाळीस वर्षं पोती तोलली. तराजूवर शंका आली, तरी लोक आप्पांच्या तळहातावर विश्वास ठेवत. आता दात गेले होते, गेल्या वर्षीच्या तापात तोंडाची चवही गेली होती. चावून खायचं सगळं सुटलं. आरोग्य केंद्रातून म्हाताऱ्यांना मिळणारी ताकदीची पावडर दोन वेळा पाण्यात कालवून प्यायची, एवढाच आधार उरला.

केंद्र तीन मैलांवर. म्हणून शेजारचा निवृत्त पोस्टमन, त्यांचा जुना दोस्त, दर महिन्याला त्यांचा स्टीलचा डबा भरून आणायचा. आप्पा डबा तळहातावर घेत, डोळे मिटत आणि म्हणत, एक किलो, बरोबर. पोस्टमन हसायचा. जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, एक फोडलं नाही, तुझा डबा काय फोडणार, म्हणायचा.

तरी आप्पा वाळत चालले. नर्सबाई महिन्याला वजनकाटा घेऊन घरी येई. चाळीसच्या खाली गेलात तर लेकीला कळवून शहरातल्या वृद्धाश्रमात धाडीन, असं तिने बजावलं होतं. आप्पा पावडर कोंबड्यांना घालतात, असा तिचा वहीम.

या वेळी काटा साडेएकोणचाळीसवर थांबला. आप्पा म्हणाले, कालव, तुझ्यासमोर पितो. तिने कालवलं, ग्लास खिडकीत ठेवला आणि वही काढली. तिचं लिहून होईस्तोवर वर पाणी निवळलं, तळाशी पांढरा थर बसला. तिने पावडरची चिमूट जिभेवर ठेवली.

"आप्पा, यात निम्म्याहून जास्त नुसतं पीठ आहे."

आप्पांनी डबा तळहातावर घेतला. आता तळाशी थोडंच उरलं होतं, पण भरून आला तेव्हा वजन चोख होतं. मग त्यांना पोस्टमनची बायको आठवली. वर्षभर अंथरुणाला खिळलेली, पण वय कमी म्हणून केंद्राच्या यादीत न बसलेली. दोन महिन्यांपूर्वी ती अंगणात चालू लागली, तेव्हा आप्पांनीच टाळ्या वाजवल्या होत्या.

नर्सबाईने एक महिन्याची मुदत दिली. संध्याकाळी पोस्टमन नव्या महिन्यासाठी डबा न्यायला आला.

"अर्धं मागितलं असतंस, तर झुकत्या मापाने दिलं असतं," आप्पा म्हणाले.

पोस्टमन चौकटीतच थांबला. खाली बघत म्हणाला, "तुला चव कळत नव्हती ना रे."

आप्पांनी डबा दिला नाही.

सकाळी काठी घेऊन, डबा काखेत मारून ते स्वतः निघाले. अंगण झाडणारी पोस्टमनची बायको कंबर सरळ करत हसली. "भावजी, इतक्या लवकर कुठे?"

"पाय मोकळे करतो," आप्पा म्हणाले आणि तिच्याकडे न बघता पुढे गेले.