उकळलेलं प्रथिन

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि पुण्यातलं माझं संशोधन गाळात रुतलं होतं. प्रथिन म्हणजे नीट घडी घातलेलं असणार, ही तेव्हाची समजूत. माझं आपलं सुटलेल्या दोऱ्यासारखं. त्याला आकारच सापडेना. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "नमुना बिघडलाय. दिवाळीनंतर विषय सोड." इकडे वडिलांनी आमच्या गावच्या, वाटूरच्या शाळेत माझ्या नोकरीचं ठरवतच आणलं होतं.

त्या दिवाळीत गावी आल्यावर मस्तगडला माझ्या जुन्या कॉलेजच्या मॅडमकडे गेले. जीवशास्त्राच्या नादाला मला त्यांनीच लावलं होतं, म्हणून सोडतेय हेही त्यांनाच आधी सांगायचं होतं. चहाचं दूध तापत होतं. ते उतू जाईपर्यंत त्यांनी माझं रडगाणं ऐकलं.

"अंडं उकळलं की घट्ट होतं. दूध कितीबी उकळ, पातळच राहतं. का?"

"दुधातल्या मुख्य प्रथिनाला पक्की घडीच नसते."

"मंग तुझंबी उकळून बघ. घडीच न्हाई, तर बिघडंल काय?"

आम्ही प्रथिनं बर्फावरून खाली न उतरवणारी माणसं. तरी पुण्याला परतल्यावर मी ते उकळलं. नमुन्यातली बाकीची प्रथिनं गोठून तळाशी बसली; माझं पाण्यात तसंच राहिलं. थंड करून ते कृत्रिम पेशीपटलावर सोडलं, तर पटलावर विखुरलेले रेणू हळूहळू एका जागी जमायला लागले. लग्नात स्वतःचं पान न मांडलेली एखादी आत्या साऱ्या पंगतीला बराबर बसवत फिरते, तसं ते ढिलं प्रथिन याला धर, त्याला ओढ करत होतं. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

पेढे आणि पटलाचे फोटो घेऊन पुन्हा मॅडमकडे गेले. पेढा बाजूला ठेवून त्यांनी आधी तुलनेसाठी काढलेला, प्रथिन न सोडलेल्या पटलाचा फोटो मागितला. दोन्ही खिडकीशी नेऊन बघितले.

"सर काय म्हणले?"

"राहा म्हणाले."

"आन् घरचे?"

"वाटूरची नोकरी धर म्हणतात." शिकलेल्या पोरीनं गावच्या पोरांना शिकवावं, हे वडिलांचं म्हणणं मला खोटं वाटत नव्हतं.

"वडलांशी मी बोलते," मॅडम म्हणाल्या. "पुण्याला जायचं माझंबी ठरल्तं. न्हाई गेले, त्याचं मला बिलकुल दुःख न्हाई. इथं शिकवायला मी हाये. तू जा."

त्या थांबल्या म्हणून मला जाता आलं. हे ऋण फेडावं असं मला कधी वाटलंच नाही. ते अंगावर आहे, हेच बरं वाटतं.