कोरडी लोकर

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. माणूस मनाने मऊ, पण शेतातल्या खताचा विषय निघाला की महाकंजूस. उन्हाळ्यात ज्वारी निघाली, रान मोकळं झालं, की वऱ्हाडाची वाट बघावी तशी ते धनगर मावशीची वाट बघायचे. तिची मेंढरं रात्री आमच्या रानात बसायची, लेंड्यांचं खत रानाला मिळायचं, बदल्यात आम्ही तिला ज्वारी द्यायचो. नवरा गेल्यापासून कळप तीच सांभाळायची. शेत नाही, घर म्हणावं असं घर नाही. तिचं जे काही होतं ते चार पायांवर चालत होतं.

त्या वैशाखात ऊन भयंकर होतं. मेंढरांची लोकर कातरायला आली होती. मावशी पुढच्या मुक्कामाला, पेडगावच्या बाजूला कातरणी करणार होती, कारण तिथे पाहुण्यांचा मोठा गोठा होता. मामांना एका दगडात दोन पक्षी मारायची भारी हौस.

“फुडं कशाला जातीस? हितंच लिंबाखाली कातर. चार दिस जास्ती ऱ्हाशील, मेंढरं बी गार होतील.”

“आभाळाचं काय सांगावं, भाऊ? तिकडं गोठा हाय.”

“वैशाखात कुठलं आलंय आभाळ?”

ती राहिली. कातरलेली मेंढरं इतकी बारकी, उघडी दिसायला लागली की मला हसूच आलं. वाऱ्यावावटळीत लोकर उडून जाईल म्हणून मामांनी पोती गाडीत घालून गावातल्या आमच्या घरात आणून ठेवली. मावशीला त्यांचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. आधी वारा, मग सुपारीएवढ्या गारा, आणि त्यामागून पाऊस. गारठा असा की वैशाखात आम्ही ट्रंकेतली स्वेटरं काढली. मामांनी ताडपत्री आणि रिकामी पोती डोक्यावर घेतली आणि ते शेताकडे पळाले. मी आणि माझे यजमान मागोमाग.

गाव आणि शेताच्या मध्ये ओढा आहे. एरवी त्यात पाऊल बुडत नाही. तो दुथडी भरला होता. पलीकडच्या बांधाखाली मावशी दिसत होती. ऊब मिळावी म्हणून मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढत होती आणि खालची गुदमरत होती. ती वरच्यांना पाय धरून ओढायची, तिच्या पायांना काळ्या मातीचे गोळे बसायचे, तोवर दुसरी चढायची. मामा दोनदा पाण्यात उतरले. दोन्ही वेळा यजमानांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. अलीकडे आम्ही पोती घेऊन उभे, पलीकडे ती एकटी. इतकं लाचार मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

दिवस मावळायच्या आत पाणी ओसरलं. लिंबाचं झाड आडवं झालं होतं आणि निम्म्याहून जास्त कळप मरून पडला होता. टोपल्यांखाली झाकलेली कोकरं जिवंत होती, आईसाठी ओरडत होती. मावशी मामांना एका शब्दाने बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“लोकर भिजली न्हाई नव्हं?” तिने विचारलं.

“कोरडी हाय, मावशी,” मी म्हणाले.

“बरं झालं,” ती म्हणाली. “ती तरी घरात होती.”

उरलेली मेंढरं तिने विकून टाकली. आता ती मानवतकडे दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. ज्याच्या रानात कातरणी, त्याला त्या लोकरीची एक घोंगडी, असा धनगरांच्यात रिवाज. पुढच्या वर्षी भाच्याच्या हाती तिने ती न विसरता पाठवली. मामांनी घडी मोडली नाही. त्या दिवसापासून शेतातल्या खताबद्दलही ते बोलेनासे झाले. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

गेल्या थंडीत मामांना ताप भरला. दोन गोधड्या घालूनही दातावर दात वाजत होते, म्हणून मी ती घोंगडी काढली आणि त्यांच्या अंगावर पसरली. त्यांनी हाताने चाचपून बघितली आणि बाजूला सारली.

“माज्यावर नको,” ते म्हणाले. “मेंढरं उघडी हायत.”