वकीलसाहेबांच्या बाटलीवरची रेघ

साय धरायला दुधाचं भांडं हलवायचं नसतं. किश्शांचंही तसंच. माणसं दर रविवारी एकाच जागी बसली की ते आपोआप धरतात. आमच्या बैठकीत तिघंच: रिटायर झालेले वकीलसाहेब, हुपरीचे चांदीवाले बाळूशेठ आणि जन्मभर म्हशी राखलेला मी, आण्णा. शाळेत मी गेलो तो दूध घालायला तेवढा!

साहेबांचा मुलगा परदेशातून सिंगल माल्ट स्कॉच आणतो. पहिला ग्लास नाकाजवळ नेला आणि मी दचकलोच.

"साहेब, म्हशीच्या खुराला लावतो त्या औषधाचा वास मारतोय की!"

"आण्णा, तो धुराचा वास. त्याच्यासाठी लोक जीव टाकतात!"

तेव्हापासून मी म्हशीच्या खुराकडं मानानं बघतो.

* * *

ग्लासात बर्फ टाकला की साहेब चिडतात. म्हणून बाळूशेठनी पैंजणाचं एक घुंगरू आणलं, फ्रीजमध्ये गार केलं आणि ग्लासात सोडलं.

"विरघळत न्हाय, चव मोडत न्हाय!" म्हणत घोट घेतला, आणि घुंगरू आत!

आम्ही दोघं गारठलो. शेठ उठले, चार पावलं चालले, कान देऊन ऐकलं.

"वाजत न्हाय. म्हंजे नीट बसलं!"

* * *

साहेबांचा कायदा एकच: ग्रामोफोनवर गाण्याची तबकडी वाजताना बोलायचं नाही. एकदा त्यांनी मला पाईप दिला. मला सवय भजनातल्या चिलमीची. दोन्ही हातांत धरून दम मारला, तर जाळच उठला! साहेबांचे डोळे पांढरे झाले, पण तोंड बंद.

तबकडी संपल्यावर बाळूशेठ सावकाश म्हणाले, "आण्णा, तुमचं धोतर मगापासनं जळतंय."

"अवो, मग सांगायचं की!"

"कसं सांगू? आलाप चालू हुता!"

* * *

मग बाटली आपोआप उतरायला लागली. साहेबांनी लेबलावर पेन्सिलीनं रेघ मारली. पुढच्या रविवारी स्कॉच रेघेच्या दोन बोटं खाली! कपाटाची जादा किल्ली बाळूशेठकडं असायची. साहेब बोलू नये ते बोलले.

"शेठ, मागितली असती तर दिली नसती का?"

बाळूशेठचं तोंड उतरलं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, पिशवी उचलली. "हुपरीत माझ्या तराजूवर आजवर कुणी शंका घेतली न्हाय, साहेब. आता ह्या घरात पाय ठेवणार न्हाय."

एवढी जुनी दोस्ती माझ्या डोळ्यांदेखत मोडत होती.

शेठ दाराकडं वळले, तर दारात वहिनी. साहेबांच्या मंडळी. आठवड्यातले तीन वार उपास, बैठकीच्या खोलीत कधी पाऊल नाही. हातात आजऱ्याच्या काजूंची ताटली, कमरेला घरच्या किल्ल्यांचा जुडगा.

"भावजी, बसा," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडं वळल्या.

"ह्या खेपेची लई धुरकट हाय. मागची मधाळ हुती, पोराला तसलीच आणायला सांगा. आणि आता मी दुपारी ऐकते ती तबकडी लावा."