शेजारच्या टेबलावरची गर्दी

बीडजवळच्या पालीत बंकट मस्केला चित्रकार कुणी म्हणत नाही, पेंटर म्हणतात. बारावी झाल्यावर दहा वर्षं त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, हॉटेलांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवल्या, तेव्हापासूनचं ते नाव. पुढं फ्लेक्स आले, पाट्यांचं काम आटलं आणि दिवसचे दिवस रिकामे जाऊ लागले. त्या रिकाम्या दिवसांत त्यानं चौकटी पाडून एक गोष्ट काढली. बिंदुसरेच्या धरणात एक सुसर राहते, गावच्या निवडणुकीत अर्ज भरते आणि बिनविरोध सरपंच होते, कारण तिच्यासमोर उभं राहायची कुणाची छातीच होत नाही. चाळीस पानं झाली. नाव ठेवलं ‘सुसर सरपंच’.

बीडच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांच्या मधल्या सवडीनं ती छापली. बायकोनं, सुनितानं, घरी बसून पिना मारल्या. बसस्टँडवरच्या दुकानदारानं वीस प्रती ठेवून घेतल्या आणि महिन्यानं वीसच्या वीस परत दिल्या. मग कुणीतरी सांगितलं, पुण्यात दर डिसेंबरला कॉमिकवाल्यांचा मेळा भरतो. तिथं टेबल मिळतं, आपण काढलेलं आपणच विकायचं. बंकट दोन खोकी घेऊन एसटीनं पुण्याला गेला.

केस निळे केलेली पोरं, पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेल्या पोरी, सगळीकडं इंग्रजी. त्या सगळ्यात सुनिताची जुनी ओढणी अंथरलेलं टेबल आणि त्यामागं चेक्सचा शर्ट घातलेला बंकट. पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. मग एका लहान मुलीनं फेटा बांधलेली सुसर पाहिली आणि ती आईचा हात ओढत आली. आई दोन पानं वाचून मोठ्यानं हसली. ते हसू ऐकून आणखी चार जण आले. रविवारी संध्याकाळपर्यंत एक खोकं रिकामं झालं होतं.

त्यानंतर वर्षाचा क्रमच ठरून गेला. उन्हाळ्यात काढायचं, पावसाळ्यात छापायचं, हिवाळ्यात पुणे, हैदराबाद, मुंबई. टेबलामागं बसायचं नाही, उभं राहायचं, हे तो शिकला. विकत घेणाऱ्याचं नाव विचारून आतल्या पानावर सुसर काढून द्यायची, हेही शिकला. तिसरा भाग आला तेव्हा लोक त्याला शोधत येऊ लागले. मराठीत असलं काढणारे मेळ्यात तिघं-चौघंच होते आणि बीडचा तर तो एकटाच. हे एकटं असणं त्याला फार आवडायचं, पण ते तेव्हा त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात माजलगाव तालुक्यातल्या एका वाडीवरून प्रियदर्शनी तिडके नावाची मुलगी वडिलांबरोबर त्याच्या घरी आली. कॉलेजात शिकत होती. आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर जायची. तिनं दोनशे पानी वही पुढं केली. वहीत बॉलपेननं काढलेली चित्रं होती. ऊसतोडीच्या फडाशेजारी पाचटाची जी झोपडी घालतात, तिला कोपी म्हणतात. त्या कोपीत गेलेला एक हिवाळा तिनं काढला होता.

“सर, ह्याचं पुस्तक व्हतंय का?” तिनं विचारलं.

“व्हतंय की,” बंकट म्हणाला. “पर आधी हात बसवावा लागंल.”

त्यानं शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. चौकट कुठं मोडायची, बोलण्याचे फुगे कुठं ठेवायचे, काळ्या शाईला कुठं थांबवायचं. ती दर पंधरा दिवसांनी बसनं यायची, सुनिता तिला जेवू घालायची. दुसऱ्या वर्षी ‘कोपी’ छापून झालं, सोळाच पानांचं. बंकट तिला पुण्याला घेऊन गेला आणि आपल्या टेबलाचा एक कोपरा दिला.

“विकलं न्हाई तर नाराज हू नको,” त्यानं तिला बसमध्येच सांगून ठेवलं. “माझी पयल्या साली तासभर बोहनी न्हवती.”

पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळेलाच तिच्या शंभर प्रती संपल्या. लोक उभ्या उभ्या वाचत होते, डोळे पुसत होते, तिच्याशी बोलायला थांबत होते. कुणी पत्रकार आला, कुणी कॅमेरा घेऊन आला. कॅमेरेवाला बंकटला म्हणाला, “काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.” बंकट बाजूला झाला. अडतिसाव्या वर्षी त्याला काका म्हणणारा तो पहिला माणूस.

परतीच्या प्रवासात ती आनंदानं बोलत होती आणि तो हं-हं करत होता. घरी आल्यावर सुनितानं विचारलं, “पोरीचं कसं झालं?”

“झालं. रडकं काढलं की खपतंय.”

सुनितानं त्याच्याकडं पाहिलं आणि ती ताट वाढायला उठली.

वर्षभरात प्रियदर्शनीला स्वतःचं टेबल मिळालं. तिला बंगळूरला बोलावलं, तिच्या पुस्तकाचं हिंदी झालं, वर्तमानपत्रात अर्धं पान आलं. बंकट सकाळी उठला की आधी फोनवर तिचं पान उघडायचा. किती जणांनी पाहिलं, कोण काय म्हणालं, सगळं वाचायचा. कौतुक वाचून पोटात आग पडायची, तरी शेवटपर्यंत वाचायचा. गावातल्या कुणी विचारलं, “पेंटर, ती तुमचीच ना शिष्या?” की तो म्हणायचा, “हो, आपलीच,” आणि दिवसभर त्याचं कशात लक्ष लागायचं नाही. तिचा फोन आला तर कधी उचलायचा, कधी नाही.

मग त्याच्या डोक्यात आलं: ऊसच पाहिजे ना लोकांना? आपण काढू. तिची सोळा पानं, आपली चौसष्ट. तिचा हात कच्चा, आपला तयार. सुसरीचा चौथा भाग अर्धा झाला होता, तो त्यानं बाजूला ठेवला. चार महिने मान वर न करता ‘कोयता’ नावाचं पुस्तक काढलं. बंकटचं घर दोन एकर कोरडवाहूवर जगलेलं. उसाच्या फडात तो कधी उतरला नव्हता. फोनवर फोटो बघून त्यानं सगळं उभं केलं. चित्रं देखणी झाली, यात शंका नाही. सुनिता पिना मारताना एवढंच म्हणाली, “ह्यात हसू कुटंच न्हाई वो.”

“हसायचं पुस्तक न्हाई हे,” तो म्हणाला.

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात पुण्याच्या मेळ्यात मराठीवाल्यांची टेबलं एका रांगेत लावली होती. बंकटच्या शेजारीच प्रियदर्शनी. तिनं ‘कोयता’ हातात घेतलं, पहिली दहा पानं पाहिली, “लई भारी काढलंय सर,” म्हणाली आणि हळूच खाली ठेवलं. त्या साली तिचे वडील सटवा तिडकेही आले होते. पोरगी करते तरी काय, हे एकदा बघायचं म्हणून टोळीच्या मुकादमाला सांगून दोन दिवसांसाठी फडावरून आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. दुपारी त्यांनी ‘कोयता’ मांडीवर घेतलं आणि एकेक चित्र बोटानं चाचपत बघू लागले.

“पेंटर,” ते म्हणाले, “ह्यो मानूस नवा हाय का तोडीला?”

“न्हाई मामा. वीस वर्षं तोडतोय, असं दाखवलंय.”

“मग गुडघ्यापाशी कावून तोडायलाय? साखर बुडात असती. असा तोडला तर मुकादम टोळीतून हाकलून देईल.” त्यांनी पान उलटलं. “आन् मोळी सुतळीनं बांधलीय. सुतळी कुटून आनायची? उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं असतंय ना, त्यानंच बांधत्यात.” आणखी एक पान. “ह्या कोपीत तर मानूस ताठ उभा ऱ्हायलाय.”

त्यांच्या बोलण्यात कुठं टोमणा नव्हता. ट्रॉलीवरचं अक्षर चुकलं तर बंकटनं जसं सांगितलं असतं, तसंच ते सांगत होते. पण टेबलापुढं पाच-सहा जण उभे होते आणि सगळे ऐकत होते. एका मुलानं हातातलं पुस्तक परत ठेवलं. बंकटचे कान तापले.

“मामा, तुमच्या पोरीला पेन धरायला मी शिकवलंय,” तो म्हणाला. “तिच्या चुका काढल्या का कुनी? एका बाईचा हात धड न्हाई तिच्या पुस्तकात. मनगटच न्हाई. काठ्या हायेत नुसत्या काठ्या.”

सटवांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. प्रियदर्शनी शेजारीच उभी होती. तिनं टेबलावर ‘आलेच’ अशी पाटी ठेवली आणि म्हणाली, “सर, च्या प्यायला चला.”

बाहेर चहाच्या टपरीपाशी बंकट माफी मागायच्या तयारीत उभा राहिला. तीच आधी बोलली.

“वर्षभरात मला ही गोष्ट सांगनारे तुमी पयले.”

“कोनती?”

“मनगटाची. सर, माझ्या टेबलावर येत्यात, रडत्यात, माझ्यासंगं फोटो काढत्यात. तुमी किती ऊस तोडला, उपाशी झोपला का, येवढंच इचारत्यात. रेष कशी हाय हे एकानं इचारलं न्हाई. मला दुसरं काढायचंय. मोबाईल रिपेअरीच्या दुकानातली पोरगी चोर पकडती, त्याची गोष्ट. तर छापनारे म्हनत्यात, ऊसच काढा.” तिनं कप खाली ठेवला. “मी शेजारी उभी ऱ्हाऊन बघते ना, तुमच्याकडं लोकं हसत येत्यात. तुमाला सुसर कशी सुचली, तिचं शेपूट असं कसं काढलं, हे इचारत्यात. मला तुमचा लई राग येतो, सर. खरं सांगते, जळते मी.”

बंकटला पहिल्यांदा काय वाटलं? आनंद. ही पोरगीही सुखात नाही, याचा निखळ आनंद. तो आनंद त्याचा त्यालाच इतका स्पष्ट दिसला की त्याला चहा जाईना.

“मी पन,” तो म्हणाला. “वर्ष झालं. रोज सकाळी.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि ती हसायला लागली. तो मात्र हसू शकला नाही.

आत आल्यावर त्यानं सटवांना एवढंच विचारलं, “मामा, वाढ्याची गाठ कशी मारत्यात?” सटवांनी टेबलावरच्या ओढणीचं टोक घेऊन गाठ मारून दाखवली. मग बंकट प्रियदर्शनीच्या टेबलावर बसला. एका कोऱ्या कागदावर त्यानं मनगट काढलं. आधी हाड, मग शीर, मग मोळी उचलताना पडणारा पीळ. ती तसंच काढू लागली. गिऱ्हाईकं थोडा वेळ थांबून राहिली. ‘कोयता’च्या प्रती त्यानं खोक्यात भरून टेबलाखाली सरकवल्या आणि पुढं कधी विकायला काढल्या नाहीत.

यानंतर सगळं गोड झालं, असं मात्र नाही. चौथी सुसर आली, खपली. प्रियदर्शनीला मुंबईत कसलासा मान मिळाला त्या दिवशी बंकट ट्रॉली रंगवायला गेवराईला गेला आणि फोन घरीच विसरलो, असं सांगत राहिला. फोन खिशात होता. दुसऱ्या दिवशी त्यानं अभिनंदन केलं, तेही सुनितानं दोनदा म्हटल्यावर.

यंदा फेब्रुवारीत हैदराबादच्या मेळ्यात प्रियदर्शनीनं मोबाईलच्या दुकानाची ती गोष्ट आणली, स्वतःच छापून. नाव ‘दुकान नंबर सात’. लोक यायचे, चाळायचे, “उसाचं नाही का?” म्हणून विचारायचे आणि पुढं जायचे. दोन दिवस ढीग जागचा हलला नाही. बंकटच्या टेबलावर गर्दी होती. सुसर काढून देता देता तो मधूनच त्या ढिगाकडं बघायचा आणि त्याला बरं वाटायचं. बरं वाटतंय याची लाज वाटायची, आणि तरी बरं वाटायचं. निघताना त्यानं एक प्रत विकत घेतली. ती फुकट द्यायला लागली, तर त्यानं ऐकलं नाही.

सोमवारी दिवसाच्या बसनं तो परत निघाला. लातूर गेल्यावर पुस्तक उघडलं, ते उपकार केल्यासारखं. पाचव्या पानाला तो सरळ बसला. एकविसाव्या पानावर थांबला. दुकानातली बरणी फुटून शेकडो बारके स्क्रू जमिनीवर सांडलेत. सबंध पानाला चौकट नाही, फुगा नाही. पण डोळा आपोआप त्या स्क्रूंच्या मागं वळत वळत जातो आणि टेबलाखाली लपलेल्या चोराच्या चपलेवर जाऊन थांबतो. बंकटनं पान तिरकं धरलं, उलटं धरलं, बोटानं वाट काढून बघितली. हे आपल्याला कधी जमलं नव्हतं. गर्दी बघून पडायची त्यापेक्षा मोठी आग त्याच्या पोटात पडली, आणि या वेळी त्याला ती लपवावीशी वाटली नाही. केजच्या अलीकडं त्यानं फोन लावला.

“सर, पोचलात का?”

“न्हाई. एकवीस नंबरचं पान. आधी काय काढलं, चप्पल का स्क्रू?”

ती म्हणाली, “तुमाला सांगू कावून? चोरताल.”

“चोरनारच हाय.”

“मग तुमीच वळखा,” ती म्हणाली आणि हसत फोन ठेवला.

बंकटनं पुन्हा ते पान उघडलं. मांजरसुंब्याला बस चहासाठी थांबली, तो उतरला नाही. पाली आली तेव्हाही तो पानावर वाकलेला होता, आणि कंडक्टरनं दोनदा गावाचं नाव घेतल्यावर गडबडीनं खोकी उचलून खाली उतरला.